पोरांची राखण करा, पाळत ठेवू नका

दौंडला परवा एका घरी नामकरणाचा कार्यक्रम होता. त्रिसरण-पंचशील झाले, पंगती उठल्या आणि बाया भांडी आवरता आवरता बोलत बसल्या. सगळ्यांच्या बोलण्यात एकच विषय, मोबाईल.

एक माऊली आम्हाला म्हणाली, "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता ना, मग यावर लिहा की. आमचे हे कुरकुंभला कंपनीत. दुसरी पाळी असली की घरी यायला बारा वाजतात. मी दिवसभर धुण्याभांड्याला. पोरगा दहावीला. मोबाईल मी पिठाच्या डब्यात दडवून ठेवते, तर हा पठ्ठ्या डबा उपसून काढतो आणि वर पीठ होतं तसं थापून ठेवतो!"

सगळ्या हसल्या. ती मात्र हसली नाही.

त्याच आठवड्यात आम्हाला शिरूरला जावे लागले. ओळखीचे घर. घरधनी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीला शाळेत पहिल्या पाचांत आलेली. तिच्या मोबाईलवर वर्गातल्या एका मुलाचा "जेवलीस का?" एवढाच मेसेज वडिलांनी वाचला. त्या रात्री मोबाईल कपाटात गेला. तिसऱ्या दिवशी कॉलेज बंद झाले. आठव्या दिवशी आत्याने स्थळ आणले. आम्ही चहा घेत होतो तेव्हा पोरगी आतल्या दाराशी उभी होती. एक शब्दही बोलली नाही.

दोन घरे, दोन तालुके, पण दुखणे एकच. मुलांच्या मोबाईलवर आईबापाने लक्ष ठेवायचे की नाही? ठेवायचे तर कसे? यावर आज मोकळेपणाने बोलले पाहिजे, असे आम्हास वाटते.

मोबाईल घरात आला कसा?

मोबाईल आपल्या पोरांनी हट्टाने आणला, असे आपण म्हणतो. ते पुरते खरे नाही. २०१६ साली इंटरनेट स्वस्त झाले आणि मोठ्या पडद्याचे फोन वस्त्या-वस्त्यांतून दिसू लागले. मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळांना कुलूप लागले तेव्हा शाळाच मोबाईलवर आली. ज्या बापाने कधी स्वतःसाठी चांगला फोन घेतला नाही, त्याने उसनवारी करून पोराच्या अभ्यासासाठी घेतला. शाळा उघडल्या, पण फोन काही परत गेला नाही.

आणि तो जाणारही नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो, त्याचा ओटीपी मोबाईलवर येतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड, जे विकत घ्यायला आपल्या बापजाद्यांना महिन्याचा पगार मोडावा लागला असता, ते आज मोबाईलवर फुकट वाचता येतात. तेव्हा मुलीच्या हातातून मोबाईल हिसकावताना आपण नक्की काय काय हिसकावून घेतो, याचा विचार करावा.

ग्रामीण भागातील शिक्षणाची 'असर' नावाची देशव्यापी पाहणी होते. तिच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के निघाली. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी, त्रास देणाऱ्याला 'ब्लॉक' कसे करायचे हे ६२ टक्के मुलांना ठाऊक होते. आपले खाते परक्यांपासून बंद कसे ठेवायचे, हे जेमतेम ५५ टक्क्यांना ठाऊक होते. म्हणजे पोरे नदीत उतरली आहेत, पण पोहता सगळ्यांना येत नाही.

दुसरा आकडा मुलींचा आहे. २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींपैकी फक्त १९.८ टक्के मुलींकडे. आपल्या घरातही भावाला फोन आणि बहिणीला नकार, असेच चालले आहे ना?

भीती खोटी नाही

आईबापांची काळजी फुकाची आहे, असे आम्ही म्हणणार नाही. याच दौंड तालुक्यातील यवत गावात १ ऑगस्ट २०२५ रोजी काय घडले ते आपण पाहिले. एका तरुणाने समाजमाध्यमावर टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरावरून तणाव पेटला. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला, जमावबंदी लागली. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमाची १ जानेवारी २०१८ ची हिंसा तर कोणीच विसरलेले नाही. त्यानंतर खऱ्याखोट्या चित्रफिती आणि चिथावणीचे मेसेज मोबाईलवरून किती फिरले, हेही आठवत असेल.

आपल्या पोरांचे रक्त तापते. बाबासाहेबांबद्दल, जातीबद्दल कोणी घाणेरडे लिहिले की पोरगा तसल्याच भाषेत उत्तर देतो, चित्र पुढे धाडतो. दोन समाजांत वैर पसरवणाऱ्या मजकुराबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दौंड हे रेल्वेचे आणि राज्य राखीव पोलीस दलाचे गाव. भरतीच्या आशेने पहाटे मैदानावर धावणारी आपली कितीतरी पोरे आहेत. अठरा ओलांडलेल्या पोरावर असा गुन्हा नोंदला गेला, तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो आडवा येतो. जातीवरून शिवीगाळ झाली तर त्याला कायदा आहे. मजकुराचे छायाचित्र काढून ठेवावे, जाणत्यांना दाखवावे, तक्रार करावी. हे पोराला आधीच सांगितलेले असावे. वेळ आल्यावर सांगून उपयोग नाही.

दुसरा धोका पैशाचा. बापाच्या मोबाईलवर पैसे पाठवण्याचे ॲप, त्याचा पिन पोराला पाठ, आणि हातात पैसे लावून खेळायचा खेळ. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये असल्या खेळांवर बंदीचा कायदा केला. पण कायदा झाला म्हणून फसवणारे संपत नाहीत.

तिसरा धोका सर्वात वाईट, आणि आपण तो तोंडातून काढत नाही. कोणी अनोळखी माणूस गोड बोलून पोरीचा किंवा पोराचा फोटो मागतो, किंवा साध्या फोटोवरून घाणेरडा बनावट फोटो तयार करतो, आणि मग धमकी देतो. हे पोरांनाही होते, फक्त पोरींनाच नाही.

आमची चूक

आता आमच्याच घरातील गोष्ट सांगतो. सांगायला संकोच वाटतो, पण दुसऱ्याच्या घरातले सांगून आपले झाकणे बरे नव्हे.

आमचा धाकटा सोळा वर्षांचा होता. रात्री पांघरुणात मोबाईल चालायचा. एके दिवशी तो आंघोळीला गेला असता आम्ही त्याचे व्हॉट्सॲप गुपचूप आमच्या फोनला जोडून घेतले. तीन आठवडे त्याचे मेसेज वाचत होतो. त्यात विशेष काहीच नव्हते. क्रिकेट, मास्तरांची थट्टा, एका मुलीबद्दल दोन ओळी. चौथ्या आठवड्यात त्याला कळले. जोडलेल्या फोनांची यादी त्याच्या मोबाईलवर दिसते, हे आम्हाला ठाऊक नव्हते, त्याला होते. तो भांडला नाही. नुसता आमच्याकडे बघत राहिला आणि बाहेर गेला. पुढे त्याने दुसऱ्या नंबरावर वेगळे खाते काढले.

दोन महिन्यांनी त्याच दुसऱ्या खात्यावर कोणीतरी त्याचा चेहरा चिकटवलेला घाणेरडा फोटो पाठवून पाच हजार रुपये मागितले. आठ दिवस पोरगा नीट जेवला नाही. आम्ही समजलो, परीक्षेची धास्ती असेल. शेवटी त्याने मामाला सांगितले आणि मामाने आम्हाला. पैसे गेले नाहीत, पोरगा बचावला. पण त्या आठ दिवसांत काय झाले असते, या विचाराने आजही झोप उडते.

आम्ही त्याच्यावर पाळत ठेवली होती, म्हणूनच संकटात त्याने आम्हाला सांगितले नाही. सगळ्या प्रकरणातून आम्ही घेतलेला धडा हा एवढाच.

आपल्याकडे ज्वारीच्या रानाची राखण करतात. राखणदार माळ्यावर उघड बसतो, हाळी देतो, गोफण फिरवतो. त्याची नजर पाखरांवर असते. पिकाला तो चोर समजत नाही, आणि कणीस मोठे झाले की नाही म्हणून रोज सोलूनही बघत नाही. पाळत ठेवणारा मात्र लपून बसतो आणि ज्याच्यासाठी बसला त्यालाच चोर धरतो. मुलांना राखण हवी आहे.

सुभेदारांचे जागरण

अशी राखण कशी असते, याचा दाखला शोधायला लांब जायला नको. परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजी सकपाळ यांचे सगळे कुटुंब राहत होते. अभ्यासाला ना जागा, ना शांतता. तेव्हा भीमराव लवकर झोपी जात आणि सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत. दोन वाजता ते मुलाला उठवीत, तो अभ्यासाला बसे, मग सुभेदार आडवे होत. पोराच्या पुस्तकासाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन दागिना मागत आणि गहाण ठेवत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यामागे हे जागरण होते.

सुभेदार कडक होते, लाडावणारे नव्हते. पण मुलाला "अभ्यास कर" म्हणून स्वतः घोरत पडणे त्यांनी केले नाही. आज आपण पोराला "मोबाईल ठेव" म्हणतो आणि स्वतः रील बघत आडवे होतो. पोरगे आपले ऐकत नाही, आपल्याला बघते.

वडगावचा भोंगा

हेच सूत्र सांगली जिल्ह्यातील एका गावाने धरले. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घराघरात टीव्ही बंद, मोबाईल बंद. दीड तास पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला लोक हसले. मग घरोघर फिरून समजावले गेले आणि गाव तयार झाले. यात नियम पोरांपुरता नव्हता, मालिका बघणाऱ्या आजीपासून सरपंचापर्यंत सर्वांना होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला. काळजी दोन्ही गावांची सारखीच होती. पण मोठ्यांच्या हातात मोबाईल ठेवून फक्त पोरांचा काढला, तर पोरगे चोरून बघायला शिकेल, असे आमचे मत आहे. पिठाच्या डब्याची गोष्ट तेच सांगते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली, तीही दंड पोराला किंवा आईबापाला न लावता कंपन्यांना लावून. पोरांना खिळवून ठेवणारा खेळ कंपन्यांनी मांडला आहे, हे त्यात मान्य केले आहे.

आपल्या घरात पाळीची नोकरी. बाप दुसऱ्या पाळीला, आई कामाला; राखण करणार कोण? म्हणूनच हे काम एकट्या घराचे नाही. प्रत्येक वस्तीत विहार आहे. सात ते साडेआठ विहाराचे दार उघडे ठेवावे, दिवे लावावेत, सतरंज्या अंथराव्यात. ज्याची पाळी नाही अशा एका बापाने आणि एका आईने तिथे बसावे, आणि आपले मोबाईल दारातल्या टोपलीत ठेवावेत. खर्च विजेच्या बिलाएवढा.

घरात काय करावे?

पहिले, लपून काही करू नये. "तुझ्या मोबाईलवर आम्ही हे-हे बघणार, हे बघणार नाही," असे पोराला समोर बसवून सांगावे. दहा-बारा वर्षांच्या पोराचा मोबाईल आईबापाने हातात घेऊन बघावा, यात गैर नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचे मैत्रिणींशी बोलणे रोज वाचणे बरे नव्हे. वय वाढेल तशी दोरी सैल करावी.

दुसरे, मोबाईलमध्येच ज्या सोयी आहेत त्या पोराबरोबर बसून चालू कराव्यात. गुगलचे 'फॅमिली लिंक' फुकट आहे. त्यातून किती वेळ वापरायचे आणि कोणते ॲप घ्यायचे हे ठरवता येते, मेसेज मात्र वाचता येत नाहीत. हे चांगलेच आहे. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात १३ ते १७ वयासाठी वेगळी खाती सुरू केली, ती आपोआप खाजगी राहतात. पण पोराने वय खोटे टाकले असेल तर उपयोग नाही. म्हणून खरे वय टाकायला लावावे.

तिसरे, रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाईल एकाच ठिकाणी चार्जिंगला. बापाचाही. पैशाच्या ॲपचा पिन पोरांना देऊ नये.

चौथे, सर्वात महत्त्वाचे. आज रात्रीच पोरांना सांगावे: "काहीही झाले, फोटो गेला, पैसे गेले, चूक तुझी असली, तरी आधी आमच्याकडे ये. आम्ही मारणार नाही, मोबाईल काढून घेणार नाही, शाळा बंद करणार नाही." आणि तो शब्द पाळावा. पोरे मोबाईल जाईल, शाळा सुटेल या भीतीने गप्प बसतात, आणि धमकावणाऱ्याचा धंदा त्या गप्प बसण्यावरच चालतो.

संकट आलेच तर पैसे देऊ नयेत, मेसेज पुसू नयेत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या नंबरावर फोन करावा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त. पोर अडचणीत असेल तर १०९८ ही बालकांची मदतवाहिनी चोवीस तास चालते. मुलांचा नग्न फोटो पुरावा म्हणूनही नातेवाइकांना धाडू नये, तो गुन्हा होतो. असे फोटो पसरू नयेत म्हणून 'टेक इट डाऊन' ही मोफत सोय आहे. त्यात फोटो कोणाकडे जात नाही, फक्त त्याची सांकेतिक खूण जाते. तक्रारीची भीती बाळगू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अत्याचार झालेल्या मुलाचा जबाब त्याच्या घरी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, आणि मुलाचे नाव कुठे छापता येत नाही.

आरसा

मज्झिम निकायात राहुलला केलेला उपदेश आहे. तथागतांनी मुलाला विचारले, आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी, असे तो म्हणाला. मग त्यांनी सांगितले की कोणतेही काम करण्याआधी, करताना आणि केल्यानंतरही तसेच निरखून पाहावे, की याने मला किंवा दुसऱ्याला इजा होते काय. त्यांनी मुलामागे पहारेकरी लावला नाही, त्याच्या हाती आरसा दिला. मेसेज धाडण्याआधी पोराला हा प्रश्न पडू लागला, तर आपली राखण संपली असे समजावे.

शिरूरच्या त्या घरी आम्ही निघताना एवढेच म्हणालो, "दादा, 'जेवलीस का' विचारणाऱ्या पोराची भीती वाटते, आणि सतराव्या वर्षी लग्न लावण्याची वाटत नाही? ते तर कायद्यानेही गुन्हा आहे." त्यांनी उत्तर दिले नाही. पण गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. स्थळाला नकार कळवला आहे, पोरगी सोमवारपासून पुन्हा कॉलेजला जाते. मोबाईल मात्र अजून कपाटातच आहे.

आम्ही म्हटले, "किल्ली पोरीच्या आईकडे द्या, आणि तिघे बसून ठरवा." बघतो, म्हणाले.

जयभीम.